सेलचं आयुष्य मोजायला चार्जर कोणता घ्यावा? वागळे इस्टेटमधलं एक प्रकरण

नारायणगावहून बॅटरीचे पॅक परत आले ते दिवाळीच्या तोंडावर. अकरा पॅक, एकाच खोक्यात, सुतळीने बांधलेले. ज्या शेतकरी दादांनी ते पाठवले त्यांनी प्रत्येकावर स्केचपेनने लिहिलं होतं: 'सहा टाकीत बंद', 'पाच टाकीत बंद', एकावर नुसतंच 'बंद'. फवारणी पंपाचा आमचा पॅक नवा असताना एका चार्जिंगवर पंधरा टाक्या सहज मारतो. एका हंगामात तो सहावर आला होता. फोनवर दादा चिडले नव्हते, त्यामुळे मलाच जास्त लागलं. ते एवढंच म्हणाले, "दादा, पहाटे टोमॅटोत उभा असतो, पंप मधीच बसतो. कालवलेलं औषध ओतून द्यायचं का?"

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये भाड्याच्या गाळ्यात आम्ही चौघं लिथियमचे पॅक बांधतो. फवारणी पंपाच्या पॅकमध्ये १८६५० मापाचे बारा सेल असतात, चार समांतर आणि असे तीन गट मालिकेत. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, प्रत्येकी २६०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची क्षमता). परत आलेला पहिला पॅक उघडला तेव्हा मधल्या गटातला एकच सेल बसलेला सापडला. त्याने आपल्या गटाला खाली ओढलं होतं आणि गटाने सगळ्या पॅकला. बीएमएस, म्हणजे पॅकची राखण करणारं सर्किट, आपलं काम चोख करत होता. एक गट खाली गेला की तो पुरवठा तोडतो, बाकीचे दोन गट अर्धे भरलेले असले तरी.

ते अकरा पॅक आम्ही पदरमोड करून चांगल्या ब्रँडचे सेल घालून परत पाठवले. पण त्या भावात धंदा चालत नाही. ज्या व्यापाऱ्याचे सेल बसले होते त्याला सोडलं. पुढच्या मालासाठी दोघं समोर होते, आणि त्या दोघांतला दुसरा सेलमागे अठरा रुपये स्वस्त होता. दोघांच्याही सेलवर २६०० छापलेलं, दोघांचंही तोंडी आश्वासन पाचशे सायकलचं (सेल एकदा पूर्ण भरून रिकामा केला की एक सायकल). कोणाचं खरं? हे कागदावरून कळत नाही आणि सेल हातात घेऊनही कळत नाही. सेल चालवून, दमवून बघावा लागतो. त्या चालवण्यासाठी आम्ही यंत्र कसं निवडलं, कुठे चुकलो, शेवटी काय हाती आलं, ते इथे मांडतो. छोट्या गाळ्यांत पॅक बांधणाऱ्या कितीतरी जणांपुढे हाच प्रश्न आहे.

आधी चाचणी ठरवली, मग यंत्र

पंप साधारण तीन अँपिअर ओढतो. चार सेल समांतर, म्हणजे प्रत्येक सेलवर पाऊण अँपिअर. आम्ही थोडं कडक धोरण ठेवलं: चार्ज १.३ अँपिअरने ४.२ व्होल्टपर्यंत, तिथेच धरून प्रवाह १३० मिलिअँपिअरवर उतरेपर्यंत. वीस मिनिटं विश्रांती. मग १ अँपिअरने डिस्चार्ज २.८ व्होल्टपर्यंत. पुन्हा वीस मिनिटं विश्रांती.

चार्जला अडीच तास, डिस्चार्जला दोन तास छत्तीस मिनिटं, विश्रांती चाळीस मिनिटं. एक सायकल पावणेसहा तासांची. दिवसाला चार. तीनशे सायकल म्हणजे अडीच महिने, रात्रंदिवस. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा गाळ्यात सगळे गप्प झाले. वेळ कमी करायला प्रवाह दुप्पट करता आला असता, पण मग आमच्या पंपाशी त्या चाचणीचा संबंध उरला नसता.

मोठ्या प्रयोगशाळांत यासाठी नेवेअर, आर्बिन, मॅकॉर या कंपन्यांची कपाटाएवढी यंत्रं असतात. तिथे प्रत्येक चॅनेल, म्हणजे सेल चालवणारी स्वतंत्र जोडणी, सेलला चार तारांनी जोडलेलं असतं आणि प्रवाह इतका काटेकोर मोजला जातो की मोजक्या सायकलींतच पुढचा अंदाज बांधता येतो. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने हेच करून दाखवलं आहे: चार्ज करताना किती घातलं आणि डिस्चार्ज करताना किती परत आलं यातला अगदी बारीक फरक मोजून सेलच्या झिजेचा माग काढायचा. त्यासाठी अचूकता टक्क्याच्या शंभराव्या भागाच्या पातळीवरची लागते. आमच्या आवाक्यातला हॉबी चार्जर, म्हणजे रिमोटची विमानं-गाड्या चालवणाऱ्या शौकिनांचा चार्जर, एखाद-दोन टक्के इकडे-तिकडे असतो, त्यामुळे हा जवळचा रस्ता आम्हाला बंद. आम्हाला झीज प्रत्यक्ष होऊ द्यायची आणि मग बघायची. तशा कपाटाचं कोटेशन मागवलं होतं, ते लाखांत आलं. विषय संपला.

पहिली फसलेली महिनाभराची खटपट

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक स्वस्त बॅलन्स चार्जर आणला, म्हणजे मालिकेतले सेल समतोल ठेवून भरणारा आणि रिकामेही करणारा हॉबी चार्जर. नावाजलेल्या मॉडेलची हुबेहूब नक्कल, निळा डबा, चार बटणं. तो महिनाभर चालवला आणि त्यातून जे शिकलो ते कुठल्याही माहितीपत्रकात एका जागी सापडलं नसतं.

पहिली गोष्ट डिस्चार्जची. हॉबी चार्जर मुळात रिमोटची विमानं, गाड्या, ड्रोन चालवणाऱ्यांसाठी बनतात. त्यांना पॅक लवकर भरायचा असतो, रिकामा ते हवेत करतात. म्हणून डब्यावर चार्जिंगचे वॉट मोठ्या अक्षरात असतात आणि डिस्चार्जचे शेवटच्या ओळीत. या वर्गातला सगळ्यांना माहीत असलेला आयमॅक्स बी६ घ्या. चार्ज ५० वॉट, ५ अँपिअर. डिस्चार्ज ५ वॉट, १ अँपिअर. एका सेलला १ अँपिअर जेमतेम जमतो. पण चार सेल मालिकेत लावले की १४.८ व्होल्टवर ५ वॉट म्हणजे प्रवाह एक तृतीयांश अँपिअर. २६०० एमएएच रिकामे करायला पावणेआठ तास. दिवसाला चार सायकलींचं गणित दोनवर येतं आणि अडीच महिन्यांचे पाच होतात. सायकल चाचणीत अर्धा वेळ डिस्चार्जचा असतो. चार्जर निवडताना आधी ती शेवटची ओळ वाचा.

दुसरी गोष्ट सेफ्टी टायमरची. आमच्याकडची डिप्लोमा झालेली मुलगी रोज सकाळी वहीत आकडे उतरवायची. आठवडाभराने तीच म्हणाली, "सर, प्रत्येक सेल २३५०च्या आसपासच येतोय. दोन्ही व्यापाऱ्यांचे. असं कसं?" शोधलं तेव्हा कळलं की चार्जरचा टायमर कारखान्यातूनच १२० मिनिटांवर ठेवलेला होता. आमच्या चार्जला अडीच तास लागतात. सेल ४.२ व्होल्टवर पोचून शेवटचं भरत असताना चार्जर दर वेळी मधूनच उठत होता. दोघांचेही सेल सारखेच अर्धपोटी, म्हणून दोघांचेही आकडे सारखे. तिने विचारलं नसतं तर मी त्या आकड्यांवर मालाची ऑर्डर दिली असती.

तिसरी गोष्ट व्होल्टची. चार्जरचा पडदा ४.२० म्हणत होता, चांगल्या मल्टिमीटरवर सेल ४.२४ दिसत होता. हा फरक वरवर किरकोळ वाटतो. पण लिथियमचा सेल दर वेळी थोडा जास्त भरला की तो लवकर झिजतो, आणि दशांश व्होल्ट कमी भरला की क्षमता दहा टक्क्यांच्या आसपास घटते पण आयुष्य वाढतं. म्हणजे ज्या झिजेचं मोजमाप करायला बसलो तीच चार्जरच्या चुकीने बदलत होती.

चौथी, सायकल नावाचं बटण. त्या डब्यात सायकल होती, पण फक्त निकेलच्या सेलसाठी, तीही पाचपर्यंत. लिथियमला प्रत्येक टप्पा हाताने सुरू करायचा. रात्री दोन वाजता वागळे इस्टेटमध्ये बटण दाबायला कोण येणार? दिवसाला दीड सायकल होत होती.

वही बंद केली आणि तो चार्जर कपाटात ठेवला.

थांबायचं कोणी ठरवायचं

इथे आमच्यात दोन मतं पडली, आणि सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा हाच आहे.

डिप्लोमावाल्या मुलीचं म्हणणं, आपणच बांधूया. टीपी४०५६चं छोटं चार्जिंग मॉड्यूल १ अँपिअरपर्यंत चार्ज करतं आणि ४.२ व्होल्टला स्वतः थांबतं. डिस्चार्जला रोधक आणि मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), मोजायला एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), चार्ज-डिस्चार्जची अदलाबदल करायला रिले (विजेने उघडझाप होणारा स्विच). खर्च नगण्य, आठ काय सोळा चॅनेल होतील. तिने एका रविवारी एक चॅनेल जोडून दाखवलंसुद्धा, आणि ते चाललं.

मला भीती रिलेची होती. रिलेचे संपर्क कधीतरी चिकटतात. डिस्चार्जचा रस्ता उघडाच राहिला आणि आर्डुइनोला वाटलं तो बंद आहे, तर सेल शून्याकडे जाईल. तसा खोल रिकामा झालेला सेल पुढच्या फेरीला चार्जवर गेला तर पेटू शकतो, हे बॅटरीच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि हे सगळं आमच्या मागे, रात्री, पत्र्याच्या छपराखाली. बाजूच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात.

बराच वेळ बोलल्यावर आम्ही एक नियम फळ्यावर लिहिला, तो अजून आहे: थांबायचा निर्णय चार्जरचा स्वतःचा हवा. पुढचा टप्पा सुरू करायचा निर्णय बाहेरून आला तरी चालेल. चार्जर ४.२ला आणि २.८ला कोणालाही न विचारता थांबतो, वेळ, क्षमता आणि तापमान यांच्या मर्यादा त्याच्या स्वतःच्या आत असतात, आणि संगणक मेला तरी तो त्या पाळतो. उलटं असेल, म्हणजे 'आता थांब' हे लॅपटॉपने सांगायचं असेल, तर लॅपटॉप झोपला त्या रात्री सेल अनाथ होतो. या एका नियमाने अर्ध्या वस्तू यादीतून गेल्या. तिने आपलं मॉड्यूल ड्रॉवरमध्ये ठेवलं. थोडी हिरमुसली, पण नियम तिच्याच अक्षरात लिहिलेला आहे.

मग उरलेल्या वस्तू पाहिल्या. लिटोकाला लि-५०० सेलची क्षमता एकदा तपासायला छान आहे, पण त्याचा डिस्चार्ज ५०० मिलिअँपिअरवर संपतो. ओपस बीटी-सी३१०० १ अँपिअरपर्यंत जातो, पण आकडे बाहेर द्यायची सोय नाही, पडद्यावरून वहीत उतरवा. वहीचा अनुभव आम्ही घेतला होता.

जुन्सीचा आयचार्जर ३०८ ड्युओ मला मनापासून आवडला. दोन चॅनेल, प्रत्येकी आठ सेलपर्यंत, ३० अँपिअर. यूएसबीवरून बाहेरून हुकूम देता येतो, आणि डिस्चार्जची ऊर्जा उष्णतेत घालवण्याऐवजी इनपुटच्या बॅटरीत परत ढकलता येते. पूर्ण पॅकची सायकल चाचणी करायची असती तर मी दुसरीकडे पाहिलंच नसतं. पण आम्हाला सुटे आठ सेल स्वतंत्र हवे होते आणि चॅनेल दोनच. आठ सेल मालिकेत लावून एका चॅनेलवर चालवता येतात, हे सुचलं होतं. पण माळेत जो सगळ्यात कमजोर तो २.८ला पोचला की डिस्चार्ज थांबवावा लागतो, बाकी सातांच्या पोटात अजून किती होतं ते कळतच नाही. पॅकमध्ये शेतकऱ्याच्या वाट्याला हेच येतं, ते खरं. आम्हाला मात्र कोणत्या व्यापाऱ्याचे किती सेल असे निघतात ते हवं होतं.

स्कायआरसीचा एमसी३००० त्या मानाने साधा वाटतो: चार खाचा, प्रत्येक खाच स्वतंत्र. चार्ज ३ अँपिअरपर्यंत, डिस्चार्ज २ अँपिअरपर्यंत, सायकल ९९पर्यंत, विश्रांतीची वेळ ठरवता येते, कुठे थांबायचं ते ठरवता येतं. यूएसबीवरून आकडे येतात आणि डेटाएक्सप्लोरर हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम ते उतरवून घेतो. सायकलचा मेंदू डब्यातच आहे. लॅपटॉप फक्त लिहून घेतो. आमच्या नियमात हा बसला. दोन डबे, आठ खाचा.

पण त्याचे आकडे खरे मानायचे का? खाचेत सेल दोन टोकांना स्प्रिंगने दाबलेला असतो. प्रवाह ज्या संपर्कातून जातो त्याच संपर्कातून व्होल्ट मोजले जातात. संपर्काचा रोध ४० मिलिओहम धरला तर १ अँपिअरला ४० मिलिव्होल्ट तिथेच गळतात. क्षमतेच्या आकड्याला त्याने फार धक्का लागत नाही, कारण डिस्चार्जच्या शेवटी व्होल्ट उतारावरून घसरल्यासारखे पडतात. पण सेलचा स्वतःचा अंतर्गत रोधच ५० मिलिओहमच्या आसपास असतो, त्यामुळे डबा दाखवतो तो रोधाचा आकडा निरर्थक होतो. त्याहून वाईट म्हणजे स्प्रिंगचा संपर्क महिन्यागणिक खराब होत गेला तर ते सेलच्या म्हातारपणासारखंच दिसतं.

म्हणून तिसरं यंत्र घेतलं, झेडकेईचं ईबीसी-ए२०. ते ५ अँपिअरपर्यंत चार्ज करतं, २० अँपिअर किंवा ८५ वॉटपर्यंत डिस्चार्ज करतं आणि सेलला चार तारांनी जोडतं: दोन तारांतून प्रवाह, दुसऱ्या दोनांतून फक्त मोजणी. चॅनेल एकच. गाळ्यात त्याचं नाव पडलं 'साक्षीदार'. सेल दमवायचे दोन डब्यांवर, आणि दर पन्नास सायकलींनी प्रत्येक सेलची साक्ष काढायची या एकावर, ऑफिसच्या खोलीत एसी २५ अंशांवर ठेवून. एकेका सेलला तीन तास, आठ सेलना किमान एक दिवस. तिन्हींचा मिळून खर्च एका मधल्या दराच्या लॅपटॉपपेक्षा कमी झाला.

मांडणी

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुवात केली. प्रत्येक व्यापाऱ्याचे चार सेल, दोन्ही डब्यांत दोघांचे दोन-दोन. एकाचे सगळे एका डब्यात ठेवले असते तर डब्याचा दोष व्यापाऱ्याच्या माथी गेला असता. टेबल लोखंडी, वर सिमेंटचा पत्रा, धुराचा अलार्म, आणि दोन हातांच्या अंतरात जळण्यासारखं काही नाही. तापमानाची मर्यादा ५० अंश, चार्जच्या वेळेची मर्यादा चार तास.

पहिल्याच दुपारी मर्यादेजवळ गेलो. गाळ्यात ३४ अंश होते. मधल्या खाचेतल्या सेलला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) चिकटवला तर ४७, कडेच्या खाचेत ४२. कारण सरळ आहे. चार सेल १ अँपिअरने रिकामे होतात तेव्हा १५ वॉट त्या डब्याच्या आतच जळतात, आणि सेल त्याच डब्याच्या डोक्यावर बसलेले असतात. छोट्या सोल्डरिंग आयर्नवर सेल ठेवल्यासारखंच. उष्णतेने सेल लवकर झिजतो, म्हणजे मधल्या खाचेतला सेल विनाकारण बदनाम झाला असता. डबे दोन विटांवर उचलून ठेवले, खालून हवा खेळेल असे, आणि बाजूने टेबलफॅन लावला. ४७चे ३९ झाले, मधल्या आणि कडेच्या खाचांतला फरक दोन अंशांवर आला. शिवाय दर पन्नास सायकलींनी खाचा बदलायच्या असं ठरवलं, म्हणजे ऊन-सावली सगळ्यांच्या वाट्याला सारखी.

वीज हा आमच्याकडचा खरा प्रश्न. शुक्रवारी दुरुस्तीसाठी चार-चार तास जाते, आणि वळवाच्या वादळात तर पाच मिनिटांत तीनदा. असले चार्जर वीज गेली की बहुधा आपण कुठवर आलो होतो ते विसरतात. इथे मात्र हॉबी चार्जरचा एक गुण कामाला आला, ज्याकडे लोक तक्रार म्हणून बघतात. ते मुळात मैदानावर, गाडीच्या बॅटरीवर चालायला बनलेले असतात. त्यांना १२ व्होल्ट डीसी हवं असतं. आम्ही इन्व्हर्टरची जुनी १५० अँपिअर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी घेतली, तिच्यावर १३.६ व्होल्ट धरणारा एसएमपीएस (एसीचं डीसी करणारा पुरवठा) कायम लावला, आणि दोन्ही डबे थेट बॅटरीवर, मधे फ्यूज टाकून. आठही सेल एकदम चार्ज होत असले तरी बॅटरीवरचा भार ४ अँपिअर. अर्धीच बॅटरी वापरायची म्हटलं तरी अठरा तास निघतात. यूपीएस लागला नाही, डीसीचं एसी आणि परत डीसी करायची उठाठेव नाही. मे महिन्यातल्या एका वादळाच्या रात्री सगळ्या रस्त्यावर अंधार होता आणि आलेखावर साधी खोचसुद्धा आली नाही.

लॅपटॉपने मात्र एकदा दगा दिला. रात्री स्वतःच अपडेट होऊन परत सुरू झाला आणि नोंद बंद पडली. सकाळी आठ तासांचा आलेख कोरा. पण डबे आपल्या तालात चालूच होते, एकही सेल मर्यादेबाहेर गेला नव्हता. फळ्यावरच्या नियमाचं मोल त्या सकाळी सगळ्यांना पटलं.

सेलनी काय सांगितलं

पहिल्या दिवशीच्या साक्षीत दुसरा, स्वस्त व्यापारी पुढे होता. त्याचे चारही सेल २५८०च्या वर, पहिल्याचे २५३० ते २५५०. तिथेच थांबलो असतो तर अठरा रुपये वाचवून त्यालाच ऑर्डर दिली असती. बाजारात बहुतेक जण सेल एकदाच मोजतात आणि तिथेच थांबतात.

पन्नासला फारसं काही नाही. शंभरला दुसऱ्याचा एक सेल बाकी तिघांपासून किंचित सुटा पडला. मे महिन्याच्या शेवटी, दीडशेच्या साक्षीला, पहिल्याचे चारही आपल्या मूळ क्षमतेच्या ९२ ते ९४ टक्क्यांत होते. दुसऱ्याचे तीन ८८ ते ९१. चौथा ७१.

तो सेल साक्षीदारावर दोनदा फिरवला. दुसऱ्यांदाही ७१. चार तारांवर त्याचा अंतर्गत रोध सुरुवातीच्या जवळजवळ दुप्पट निघाला. बाहेरून तो इतर तिघांसारखाच: तीच निळी सालपटी, तोच शिक्का.

जूनमध्ये पाऊस लागला आणि दोनशेनंतर पहिल्या व्यापाऱ्याचा एक सेल डब्याच्या पडद्यावर आठवड्यात चार टक्के पडला. माझा जीव खाली गेला, कारण मनातून मी त्याच व्यापाऱ्याकडे झुकलो होतो. पडद्यावर विश्वास ठेवला असता तर दोघंही सारखेच वाईट असा निष्कर्ष निघाला असता. सेल उचलून साक्षीदारावर लावला: ९१ टक्के, आपल्या भावंडांच्या रांगेत. मग टॉर्च घेऊन खाचेत वाकून बघितलं. स्प्रिंगच्या टोकाला काळपट साय धरली होती, दमट हवेची. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसली तर बोळा करडा निघाला. सेल परत बसवला, आकडा वर आला. तेव्हापासून दर साक्षीच्या दिवशी सोळाही टोकं पुसली जातात.

तीनशे जुलैच्या सुरुवातीला पूर्ण झाले. ७१वाला सेल अडीचशेलाच निम्म्याखाली गेल्यावर काढून घेतला होता. पहिल्याचे चारही ८५च्या वर टिकले.

चार सेलच्या नमुन्यावरून व्यापाऱ्याला खोटं ठरवणं मला पटत नव्हतं. पण हिशेब डोळ्यांसमोर होता. चारात एक सेल असा निघत असेल, तर बारा सेलच्या पॅकमध्ये एकही वाईट सेल नसण्याची शक्यता ०.७५चा बारावा घात, म्हणजे ३ टक्के. शंभरातले सत्त्याण्णव पॅक नारायणगावहून सुतळीने बांधून परत. चाराऐवजी वीसात एक वाईट निघाला तरी चाळीसच्या वर पॅक परत येतील. सेलमागे अठरा रुपयांनी पॅकमागे २१६ वाचतात. एक पॅक परत आला की त्याहून जास्त नुसत्या जाण्या-येण्यात आणि उघडून पुन्हा वेल्डिंग करण्यात जातात, आणि दादांचं ओतून दिलेलं औषध त्यात धरलेलं नाही.

दुसऱ्या व्यापाऱ्याला गाळ्यात बोलावून आलेख दाखवला. त्याने तो मन लावून पाहिला, वाद घातला नाही. म्हणाला, "साहेब, मला स्वतःला कोणी हे कधी दाखवलं नाही. मी खोकं उघडतो आणि विकतो." निघताना त्याने दुसऱ्या खोक्यातले आठ सेल ठेवले, पैसे न घेता. ते आत्ता खाचांत आहेत, बासष्टाव्या सायकलवर. पहिल्या व्यापाऱ्याला सहाशे सेलची ऑर्डर गेली आहे, आणि त्याच्याही प्रत्येक खोक्यातला एक सेल साक्षीदारासाठी बाजूला काढतो.

नारायणगावला पाठवायच्या नव्या पॅकवर डिप्लोमावाली मुलगी आता एक छोटी चिठ्ठी चिकटवते. तिच्यावर त्या खोक्यातून काढलेल्या सेलची पहिल्या दिवशीची आणि पन्नासाव्या सायकलची क्षमता असते. गेल्या आठवड्यात दादांचा फोन आला. चिठ्ठीवरचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी का, ते त्यांना समजून घ्यायचं होतं. अर्धा तास बोललो.